‘तारे जमीं पर’ : घराविना आखलेली योजना

आमिर खान दिग्दर्शित ‘तारे जमीं पर’ (२००७) या हिंदी चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द सामान्य पालकांपर्यंत पोहोचविला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. तरीही त्यातील एका उणिवेची चर्चा अध्यापकांनी करावयास हवी. ईशानला साहाय्य करण्याच्या योजनेत त्याच्या घराला स्थान नाही.

कलाशिक्षक निकुंभ ईशानच्या घरी जातो, वह्या चाळतो आणि चुकांमागील सूत्र पालकांना उलगडून दाखवितो. वडिलांपुढे परक्या लिपीतील मजकूर ठेवून वाचता न येणे म्हणजे काय, याचा अनुभव देतो. चित्रपटातील हा सर्वांत मोलाचा प्रसंग होय. परंतु ही भेट निदान सांगण्यापुरतीच राहते. पुढची योजना मुख्याध्यापकांच्या संमतीने शाळेतच ठरते. मुलाचा अभ्यास घेणाऱ्या आईला, तो केव्हा अडतो, कशात रमतो, हे कोणी विचारीत नाही.

नंतर वडील शाळेत येतात व पत्नी इंटरनेटवर या विषयाचे वाचन करीत असल्याचे सांगतात. सहकार्याची ती पहिली खूण होती. निकुंभ मात्र सॉलोमन बेटांवरील झाडांची कथा ऐकवितो. नाट्य साधते, संवाद तुटतो. वाळूत अक्षरे गिरविणे, पायऱ्यांवर गणित शिकणे या गोष्टी घरीही करता आल्या असत्या. चित्रपट सुट्टीच्या आरंभी संपतो. सुट्टीत घरी काय करावे, हा प्रश्न तसाच राहतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याक शाळांतील ही समिती केवळ सल्लागार झाली आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अशा शाळांना लागू नसल्याचा निर्णय दिला. म्हणजे पालकांना बोलाविण्याची जबाबदारी संस्थांच्या विवेकावर आली.

सीमाभागात तिचे महत्त्व अधिक आहे. घरी दखनी बोलणारे, उजवीकडून डावीकडे उर्दू वाचावयास शिकलेले मूल मराठी किंवा कन्नड वाचताना अडखळते, तेव्हा तो दोष डिस्लेक्सियाचा की अपरिचित भाषेचा? घरच्या भाषेतही ते तसेच अडखळते काय, हे आई किंवा आजीच सांगू शकते. तिला विचारल्यावाचून केलेले निदान अपुरे, आणि त्यावर उभी केलेली योजनाही अपुरीच. निकुंभाचा जिव्हाळा अध्यापकांनी जरूर घ्यावा. त्याचे एकटेपण घेऊ नये.