दुसरी विहीर : बाल्टिमोरमधील एमबीएचा तंटा

अमेरिकेतील मेरिलँड राज्यात, बाल्टिमोर शहराच्या ईशान्य भागात मॉर्गन स्टेट हे कृष्णवर्णीयांचे सरकारी विद्यापीठ आहे. तेथून काही मैलांवर, शहराच्या उत्तर हद्दीबाहेर टाउसन हे पूर्वापार गोऱ्यांचे सरकारी विद्यापीठ आहे. २००५ साली या दोहोंत एक तंटा उभा राहिला. टाउसनला बाल्टिमोर विद्यापीठ या तिसऱ्या सरकारी संस्थेच्या भागीदारीत एमबीएचा अभ्यासक्रम सुरू करायचा होता. मॉर्गनकडे एमबीए आधीपासून होता. मॉर्गनने हरकत घेतली. राज्याच्या उच्च शिक्षण आयोगाने हरकत बाजूला सारली आणि नव्या अभ्यासक्रमाला मान्यता दिली. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, कृष्णवर्णीय संस्थांच्या पाठीराख्यांनी राज्य सरकारला फेडरल न्यायालयात खेचले. तो दावा मिटायला २०२१ साल उजाडावे लागले.

वरवर पाहिले तर हा दुकानदारीचा मामला वाटतो. एका पेठेत एक दुकान होते, शेजारी दुसरे निघाले. पहिल्याने तक्रार केली. गिऱ्हाईक ज्याचा माल चांगला त्याच्याकडे जाईल, यात सरकारने आणि न्यायालयाने पडण्याचे कारण काय? आपल्याकडचे शिकलेले लोकही असेच म्हणतील. खरे तर म्हणतातच. या तंट्याचे वर्णन ‘स्पर्धा’ या शब्दाने करणे म्हणजे तंटा सुरू होण्याआधीच त्याचा निकाल लावून टाकणे होय, असे माझे मत आहे. स्पर्धेला एकच आरंभरेषा लागते. येथे ती कधीच नव्हती, आणि ती नसावी अशी तजवीज राज्याने स्वतःच्या पैशाने केली होती.

टाउसनचा जन्म १८६६ चा. गोऱ्या शिक्षकांसाठी सरकारने काढलेली ती अध्यापनशाळा. मॉर्गनचा जन्म १८६७ चा, धर्मोपदेशक तयार करण्यासाठी मेथॉडिस्ट चर्चने काढलेली पाठशाळा म्हणून. गोऱ्यांच्या शिक्षणाला सरकारची तिजोरी आणि काळ्यांच्या शिक्षणाला देवाचे नाव, अशी वाटणी होती. काळ्या मुलांच्या शाळांना शिक्षक हवेत म्हणून १९०० साली वेगळा वर्ग काढावा लागला. तेच आजचे कॉपिन स्टेट विद्यापीठ. काळ्या विद्यार्थ्याला वरचे शिक्षण हवे असेल तर राज्य त्याला परगावी जाण्यासाठी शिष्यवृत्ती देई. आपल्या दारात नको, शेजारच्या राज्यात जाऊन शिक, भाडे आम्ही देतो!

या व्यवस्थेला पहिला धक्का डोनाल्ड मरे या तरुणाने दिला. मेरिलँडच्या विधी महाविद्यालयाने वर्णामुळे त्याचा प्रवेश नाकारला. चार्ल्स ह्यूस्टन आणि थर्गुड मार्शल यांनी त्याचा खटला लढवला आणि १९३६ च्या जानेवारीत राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने मरेच्या बाजूने निकाल कायम केला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९३९ मध्ये, राज्याने मॉर्गन कॉलेज विकत घेतले. या तारखा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. ज्या सरकारला सत्तर वर्षे मॉर्गनची आठवण झाली नाही, त्याला ती नेमकी गोऱ्या संस्थेचे दार किलकिले होताच झाली. काळ्यांना आत घेण्यापेक्षा त्यांच्यासाठी एक संस्था विकत घेणे सोयीचे पडले.

म्हणजे अमेरिकन कायदा ज्याला ‘अनावश्यक दुहेरीकरण’ म्हणतो, तो या व्यवस्थेत शिरलेला दोष नव्हता. दुहेरीकरण हाच वर्णभेदाचा पाया होता. एकाच राज्यात सगळे दोन-दोन, आणि त्यांतले एक नेहमी पडके.

आता खरा प्रश्न १९५४ नंतरचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. गोऱ्या संस्थांत काळ्यांना प्रवेश मिळू लागला. पण वर्णभेद संपण्याची दुसरी बाजू कोणती? काळ्यांच्या संस्थेत गोरा विद्यार्थी येऊन बसला पाहिजे. याचा विचार कोणी केला नाही. १९६६ मध्ये राज्याने बाल्टिमोरच्या परिसरात नवे विद्यापीठ उघडले. शहरात मॉर्गन उभे असताना त्याचा विस्तार केला नाही. १९६९ मध्ये फेडरल सरकारनेच मेरिलँडला कळवले की तुमची उच्च शिक्षणव्यवस्था अजून वर्णभेदी आहे. १९७५ मध्ये बाल्टिमोर विद्यापीठ खासगीचे सरकारी झाले. कायदा आणि व्यापारशिक्षण ही त्याची मुख्य कामे.

येथे मॉर्गनच्या एमबीएची गोष्ट सुरू होते. १९७० च्या दशकात या अभ्यासक्रमाला गोरे विद्यार्थीही येत होते, हे पुढे न्यायालयासमोर मांडले गेले. मला या सबंध प्रकरणातील ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. एमबीए हा नोकरी करणाऱ्यांचा, संध्याकाळी शिकण्याचा अभ्यासक्रम. बँकेतला, कारखान्यातला, सरकारी कचेरीतला गोरा माणूस संध्याकाळी मॉर्गनच्या वर्गात येऊन काळ्या प्राध्यापकासमोर बसत होता. कोणत्याही न्यायालयाने त्याला हुकूम केला नव्हता. त्याला हवी ती विद्या तेथे होती, म्हणून तो येत होता. मग शहरात दुसरीकडे तीच विद्या सरकारी खर्चाने मिळू लागली आणि तो येईनासा झाला.

आपल्या खेड्यांना हे सांगावे लागत नाही. सार्वजनिक पाणवठा कायद्याने खुला झाला की ज्यांची ऐपत आहे त्यांच्या वाड्यात नवी विहीर खोदली जाते. कोणी कोणाला पाण्यावरून हटकत नाही. फक्त जुन्या पाणवठ्यावर एकाच वस्तीच्या घागरी उरतात, आणि मग ग्रामपंचायत म्हणते, या पाणवठ्याच्या दुरुस्तीवर एवढा खर्च कशाला? महाडला १९२७ साली तळे पंचगव्याने शुद्ध करून घेणारे लोक दाव्यात उतरले तेव्हा विटाळाची भाषा पुरेशी नव्हती. म्हणून हे तळे खासगी मालकीचे आहे असा पवित्रा त्यांनी घेतला. १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने तो मानला नाही. विटाळ कोर्टाची पायरी चढताना मालमत्तेचा अंगरखा घालतो. बाल्टिमोरला त्याने बाजाराचा घातला.

टाउसनच्या बाजूचे युक्तिवाद पाहा. विद्यार्थ्यांची मागणी आहे. परिसरातील उद्योगांना माणसे हवी आहेत. बाल्टिमोर विद्यापीठात एमबीए होताच, आम्ही फक्त त्यात सामील होत आहोत. मॉर्गनचा अभ्यासक्रम लहान आहे. यांतला शेवटचा मुद्दा मला विशेष वाटतो. तो लहान का राहिला? इमारती, प्राध्यापक, ग्रंथालय यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या कमी पैसा दिला म्हणून. आणि लहान राहिला हेच दुसरीकडे तो उघडण्याचे कारण! आपण ज्या वर्गांतून आलो त्यांना ‘गुणवत्ता’ या शब्दाचा हाच खेळ परिचयाचा आहे. मॉर्गनला तर मक्तेदारी हवी आहे, असाही सूर निघाला. दीडशे वर्षांत ज्यांच्या वाट्याला एकही मक्ता आला नाही त्यांच्यावर हा आळ!

‘मागणी’ या शब्दाबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात तो निसर्गनियमासारखा शिकवला जातो. अमेरिकेहून शिकून आल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहाराचा सल्ला देण्याची कचेरी काढली होती. सल्ला उत्तम होता, गिऱ्हाईकही येऊ लागले होते. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक येईनासे झाले. कोणत्या आलेखावर ही मागणी काढून दाखवणार? मागणीलाही जात असते, वर्ण असतो. मॉर्गनचा एमबीए रिकामा पडतो तेव्हा तेथे बाजार बोलत असतो हे खरे. पण त्या बाजाराला बोलायला कोणी शिकवले, ते विचारायला हवे.

आणखी एक अवघड जागा आहे, ती टाळून चालणार नाही. २००५ मध्ये ज्या उच्च शिक्षण सचिवांनी या एमबीएला मान्यता दिली ते कॅल्व्हिन बर्नेट स्वतः कॉपिन स्टेटचे अनेक वर्षे अध्यक्ष होते. म्हणजे काळ्यांच्याच संस्थेतून वर गेलेला माणूस. त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. मला त्यांचे मन माहीत नाही. पण खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणजे खुर्ची आपली झाली, या आपल्याकडच्या भाबड्या समजुतीला एवढे उदाहरण पुरे व्हावे.

काही प्रामाणिक मित्र विचारतील : वेगळेपणाविरुद्ध लढायचे आणि काळ्यांचे विद्यापीठ काळ्यांचे म्हणून राखायचेही, हा अंतर्विरोध नव्हे काय? हा प्रश्न जुना आहे. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९३४ मध्ये काळ्यांनी आपल्या संस्था बळकट कराव्यात अशी भूमिका घेतली, तेव्हा त्यांच्याच संघटनेशी त्यांचे बिनसले आणि ‘क्रायसिस’चे संपादकपद त्यांनी सोडले. पुढच्या वर्षी त्यांनी लेख लिहून सांगितले की वेगळी शाळा की मिश्र शाळा हा वाद दुय्यम आहे. मुलाला माणूस म्हणून वागवणारे शिक्षण मिळते की नाही, हे पाहा. याच डु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून, अमेरिकन निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. ते सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी खुले होते. आपली संस्था काढणे आणि तिचे दार सर्वांना उघडे ठेवणे यांत बाबासाहेबांना विसंगती दिसली नाही. मॉर्गनची मागणीही हीच होती. आमच्याकडे गोऱ्यांना मज्जाव करा असे ती संस्था म्हणत नव्हती. त्यांनी येऊ नये म्हणून तुम्ही जी सोय करून देता ती थांबवा, असे ती म्हणत होती.

डाव्या मित्रांचा आक्षेप निराळा. भांडवलदारांचे कारकून तयार करणाऱ्या पदवीसाठी चळवळीने एवढे रक्त आटवावे काय? मी वाणिज्य शिकवतो, त्यामुळे माझे उत्तर तटस्थ समजू नये. आमच्या घराण्यात जमाखर्चाची वही होती ती सावकाराकडे. आमच्या नावाचे पान तेवढे त्यात होते. ते पान वाचता येणारा मी घरातला पहिला. पगार कोणाला किती द्यायचा, कोणाला कामावर ठेवायचे, कर्ज कोणाला मंजूर करायचे, हे जेथे ठरते त्या खोलीत शिरण्याचा परवाना ही पदवी आहे. तो परवाना वाईट असेल तर सगळ्यांसाठीच वाईट म्हणा. बाबासाहेबांनी सिडनेहॅम या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले आणि १९५३ मध्ये त्यांच्या संस्थेने स्वतःचे वाणिज्य महाविद्यालय उघडले, ते उगाच नव्हे.

१९९२ मध्ये मिसिसिपीच्या फोर्डिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की प्रवेशाचे नियम वर्णनिरपेक्ष केले म्हणजे राज्य सुटत नाही; वर्णभेदाच्या काळातून आलेली धोरणे मोडावी लागतील. अनावश्यक दुहेरीकरण हे त्यांपैकीच. याच कसोटीवर न्यायमूर्ती कॅथरीन ब्लेक यांनी २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये मेरिलँडचा निकाल दिला. इंग्रजी, गणित, इतिहास असे कोणत्याही विद्यापीठाला लागणारे मूलभूत विषय वगळून उरलेले अभ्यासक्रम त्यांनी तपासले. काळ्यांच्या संस्थांतील असे ६० टक्के अभ्यासक्रम अन्यत्र अनावश्यकपणे दुहेरी झालेले होते; गोऱ्यांच्या संस्थांत हे प्रमाण १८ टक्के होते. एवढ्या दोन आकड्यांत स्पर्धेचे सगळे तत्त्वज्ञान उघडे पडते.

पण निकालपत्राचे कौतुक येथेच थांबवले पाहिजे. निधीवाटपाच्या सूत्रावरचा आक्षेप न्यायालयाने मान्य केला नाही. मला हे तर्काला धरून वाटत नाही. दुहेरीकरण सिद्ध झाले, त्याने विद्यार्थी गेले हे मानले. मग विद्यार्थिसंख्येकडे पाहून जो पैसा वाटला जातो तो निर्दोष कसा? कारण मान्य करून परिणाम अमान्य करण्यासारखे हे आहे. उपायाच्या वेळी तर अधिकच. गोऱ्या संस्थांतले काही अभ्यासक्रम मॉर्गन वगैरेंकडे हलवावेत, ही मागणी २०१७ च्या आदेशात नाकारली गेली. त्याने तेथील विद्यार्थ्यांचे नुकसान होईल म्हणून. मॉर्गनचे विद्यार्थी गेले तेव्हा नुकसानीचा हा हिशेब कोणी मांडला नव्हता. तरीही राज्य अपिलात गेले.

शेवट पैशावर झाला. राज्यपाल लॅरी होगन यांनी २०१८ मध्ये १० कोटी डॉलर देऊ केले, २०१९ मध्ये २० कोटी. विधिमंडळाने मोठ्या रकमेचे विधेयक २०२० मध्ये संमत केले, ते त्यांनी साथीच्या आर्थिक ओढाताणीचे कारण देऊन रोखले. २०२१ च्या मार्चमध्ये अखेर त्यांनी सही केली : चार संस्थांना मिळून ५७ कोटी ७० लाख डॉलर, दहा वर्षांत. सरासरी काढली तर एका संस्थेला वर्षाला सुमारे १ कोटी ४४ लाख. रक्कम लहान नाही. पंधरा वर्षे चिकाटीने लढणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचा आणि वकिलांचा तो विजय आहे, आणि त्यातून नवे अभ्यासक्रम, नवे प्राध्यापक उभे राहू शकतात.

मात्र शेजारच्या विहिरीचे खोदकाम थांबलेले नाही. कायद्यावरची शाई वाळते न वाळते तोच, २०२३ मध्ये, टाउसनने ‘बिझनेस अॅनालिटिक्स’ या विषयात पीएच.डी. सुरू करण्याचा प्रस्ताव आणला. मॉर्गनकडे व्यवसाय प्रशासनाची पीएच.डी. आहे. मॉर्गनने हरकत घेतली. आयोगाच्या सभासदांत दोन तट पडले. टाउसनचे म्हणणे, हा विषय वेगळा आहे. मॉर्गनचे म्हणणे, तो आमच्याकडे शिकवला जातो.