शोध लावणे आणि शोध घेणे



आजचा विषय विज्ञान-तंत्रज्ञानाच्या संग्रहालयांचा. राष्ट्राने लावलेले शोध संग्रहालयात मांडावेत, ते मुलांना दाखवावेत, त्यांचा अभिमान वाटावा, असं सगळेच म्हणतात. आमचा त्याला विरोध नाही. पण आपण नेमकं काय साजरं करतो आहोत, हे एकदा तपासलं पाहिजे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचा जन्म गेला, त्यामुळे शब्दापासून सुरुवात करायची खोड आहे. ती तेवढी सहन करा.

मराठीत 'शोध' हा एकच शब्द किती कामं करतो पाहा. गुरुत्वाकर्षणाचा शोध, टेलिफोनचा शोध, आणि हरवलेल्या गाईचा शोध. आधीपासून असलेलं सापडणं, नसलेलं नव्याने घडवणं आणि नुसतंच शोधत राहणं, तिन्हीला शोधच म्हणायचं. काहींना हा भाषेचा दुबळेपणा वाटतो, म्हणून ते 'आविष्कार' हा शब्द आणतात. आणोत. पण मराठीने फरक केलाच आहे, तो क्रियापदात केला आहे. शोध 'लावणे' निराळं आणि शोध 'घेणे' निराळं. लावलेला शोध पुरा झालेला असतो. त्याला नाव असतं, साल असतं. घेतला जाणारा शोध चालू असतो, चुकत असतो. आमची तक्रार एका वाक्यात सांगायची तर अशी, की आपली संग्रहालयं लावलेले शोध साजरे करतात आणि घेतलेला शोध झाकून ठेवतात.

आता गंमत अशी की राष्ट्राचे शोध मांडणारं संग्रहालय ही कल्पनाच बाहेरून आलेली आहे. म्युनिकला ऑस्कर फॉन मिलर या इंजिनिअरने १९०३ साली जर्मन संग्रहालयाची स्थापना केली, आणि १९२५ मध्ये ते नदीतल्या बेटावरच्या स्वतःच्या इमारतीत सुरू झालं. राष्ट्राचा अभिमान होताच, पण त्याबरोबर एक मुभाही होती: कळ दाबा, दांडा फिरवा, यंत्र चालवून बघा. आपल्याकडे कोलकात्याचं बिर्ला संग्रहालय १९५९ चं, बंगळूरचं विश्वेश्वरय्या संग्रहालय १९६५ चं, आणि वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ चं. आपल्या भागातल्या शाळांच्या सहली लोकलने नाहीतर एस.टी.ने जातात, त्या या वरळीला.

तिथे गेलेलं मूल नीट न्याहाळा. आरशांपुढे, लंबकापुढे, तरफेपुढे ते थांबतं. ओढून बघतं, पुन्हा ओढतं, शेजारच्याला म्हणतं, "अरे, असं का झालं?" ते शोध घेत असतं. आणि वारशाच्या दालनात? दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान केंद्रात अशा वारशाचं स्वतंत्र दालनच आहे. असल्या दालनांत मुलं पाटी वाचतात, वहीत उतरवतात आणि पुढे सरकतात. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं गंजला नाही, हे त्यांना पाठ होतं. का गंजला नाही? त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक संरक्षक थर तयार झाला, हे आपल्याच धातुशास्त्रज्ञांनी आपल्या काळात तपासून सांगितलं. आमच्या मते या तपासाचा अभिमान स्तंभाच्या अभिमानाइतकाच मोठा आहे. पण पाटीवर पहिली जागा 'सोळाशे वर्षां'ना मिळते.

अभिमान पुढे आणि तपास मागे पडला की काय होतं, याचं एक मराठी उदाहरण आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ च्या सुमारास गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, असं सांगितलं जातं. समकालीन भक्कम पुरावा त्यामागे नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार नेहमी दिला जातो, ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासलं. त्यातली विमानं उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष निघाला, आणि ग्रंथही विसाव्या शतकातला ठरला. तरी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच. यात तळपद्यांवर अन्याय होतो. एका मराठी माणसाला त्या काळात विमानाचा ध्यास लागला, ही गोष्ट स्वतःच्या बळावर सांगण्यासारखी आहे. पण 'पहिला' हा शब्द चिकटवल्याशिवाय आपलं समाधान होत नाही.

आता घराजवळ येऊ. तारापूर. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, १९६९ साली सुरू झालेलं. संग्रहालयाच्या पाटीला एवढं पुरतं. पण प्रश्न विचारा: हा आपला शोध आहे का? पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारून दिल्या. 'शोध कोणी लावला' एवढाच निकष असेल, तर तारापूरला राष्ट्राच्या दालनात जागाच नाही! पण पुढचं ऐका. १९७४ च्या पोखरणच्या स्फोटानंतर अमेरिकेकडून येणारं इंधन अडचणीत आलं. पुढे ते कधी फ्रान्सकडून, कधी चीनकडून, कधी रशियाकडून आणावं लागलं. संमिश्र इंधन इथे तयार करून वापरून पाहिलं. या भट्ट्यांची क्षमता प्रत्येकी २१० वरून १६० मेगावॉटवर आणावी लागली, तरी त्या चालवत ठेवल्या. दुसऱ्याचं यंत्र, त्याने पाठ फिरवल्यावरही, दशकानुदशकं चालतं ठेवणं याला आम्ही शोध घेणंच म्हणतो.

आणि तीन-चार क्रमांकाच्या, ५४० मेगावॉटच्या भट्ट्या? २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या या भट्ट्यांचा आराखडा इथल्या अभियंत्यांचा. त्यांचं कूळ मात्र राजस्थानातल्या, कॅनडाच्या मदतीने सुरू झालेल्या जडपाण्याच्या भट्टीपर्यंत जातं. यात कमीपणा कसला? घेतलं, समजून घेतलं, वाढवलं. पण याच भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, हेही त्याच पाटीवर हवं. ज्यांनी घर, शेत आणि किनारा सोडला, त्यांचा वाटा अभियंत्याच्या वाट्याशेजारी लिहिल्याशिवाय 'राष्ट्राचा' हा शब्द खरा होत नाही.

आणखी जवळ या, सातपाटीच्या बंदरावर. डोल जाळं तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. लांब पिशवीसारखं जाळं प्रवाहाकडे तोंड करून एका जागी बांधून ठेवायचं. तोंडाकडे आस मोठे, शेपटाकडे बारीक होत गेलेले. ओढायचं काम भरती-ओहोटीचं पाणी करतं, बोंबील आपण होऊन आत येतो. समुद्राची ताकद वापरणारं हे यंत्रच आहे. शोध कोणी लावला? नाव नाही, साल नाही, पेटंट नाही. पुढे सुताच्या जागी नायलॉन आलं, शिडाच्या जागी इंजिन आलं, म्हणजे इथेही घेणं आणि बदलणं चालूच राहिलं. नाव-साल मागणाऱ्या दालनात डोल बसत नाही. दोष डोलीचा नाही, दालनाचा आहे.

कोणी म्हणेल, "सर, मुलांना आधी अभिमान तर वाटू द्या, चिकित्सा पुढे करतील." शंका रास्त आहे. दोनशे वर्षं 'तुम्हाला काही येत नाही' हे ऐकलेल्या समाजाला अभिमानाची भूक असते. पण पाठ केलेला अभिमान पहिल्याच अवघड प्रश्नाला ढासळतो, आणि मग मूल एक तर चिडतं, नाहीतर सगळंच खोटं मानतं. "हे असं चालतं, आणि मी ते करून पाहिलं" यातून आलेला अभिमान टिकतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक वस्तूपाशी तीन ओळी असाव्यात: हे कुठून आलं, इथे त्यात काय बदललं, आणि त्याची किंमत कोणी मोजली. संग्रहालयं हे करतील तेव्हा करतील. तोवर शिक्षकांनी सहलीच्या वहीत हे तीन प्रश्न लिहून द्यावेत. आणि वरळीला जाण्याआधी मुलांना एकदा सातपाटीच्या बंदरावर न्यावं, डोल विणणाऱ्यासमोर बसवावं आणि हेच तीन प्रश्न त्यालाही विचारू द्यावेत.