छिन्नी, हातोडी आणि उल्वा

फिलिप हेन्री गॉसचं ‘दि अ‍ॅक्वेरियम’ लंडनमध्ये १८५४ साली प्रसिद्ध झालं. काचेच्या टाकीत समुद्र कसा नांदवावा, याचं हे पुस्तक. मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जाते ती त्यातल्या एका कृतीसाठी. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकाशी गॉस छिन्नी लावतो आणि शेवाळ ज्या दगडाला धरून आहे, त्या दगडाचाच टवका काढून घरी नेतो.

का, तर समुद्रशेवाळाला मुळं नसतात. तळाशी दिसते ती नुसती पकड. तिच्यातून अन्न वर चढत नाही, आणि सुटलेली पकड पुन्हा बसत नाही. म्हणून शेवाळ उपटायचं नाही, त्याचं घर सोबत आणायचं. वरवर ही कारागिराची सूचना आहे. पण ती लिहिणाऱ्याने त्या इवल्या पकडीकडे किती वेळ डोळे लावले असतील!

पुस्तकाचं खरं सौंदर्य मला त्याच्या क्रमात दिसतं. आधी वनस्पती, मग प्राणी. उजेडात शेवाळ प्राणवायू सोडतं, त्यावर प्राणी जगतात; प्राण्यांनी सोडलेला वायू शेवाळाच्या कामी येतो. पुढे गॉसने साधं मीठ, एप्सम सॉल्ट आणि मॅग्नेशियम व पोटॅशियमचे क्षार मिसळून समुद्राचं पाणी घरीच तयार केलं. तेव्हाही प्राण्यांआधी पाण्यात गेलं ते शेवाळच. आज प्रवाळांच्या टाक्या सांभाळणारे हौशी लोक शेजारच्या लहान टाकीत कीटोमॉर्फा नावाचं शेवाळ वाढवतात, तेव्हा पाणी राखायचं काम ते वनस्पतीवरच सोपवतात.

शेवाळांची निवड करताना गॉसमधला चित्रकार आणि टाकी राखणारा माणूस समोरासमोर येतात. तांबडी शेवाळं त्याला मोहवतात, आणि त्यांच्या नाजूकपणावर तो भरभरून लिहितो. तपकिरी शेवाळांचा बुळबुळीत स्राव पाणी बिघडवतो, त्यांना तो दूर ठेवतो. भरवशाचा मान मात्र मिळतो साध्या हिरव्या उल्वाला. कोकणच्या खडकांवरही उगवणारी ही पातळ, कोथिंबिरीहून हिरवी पानं. तिथे पाय घसरला तरच आपलं लक्ष जाणार. तिला पहिलं स्थान देणारी नजर मला फार मोलाची वाटते.

पुस्तकातली रंगीत शिळाछाप चित्रंही गॉसचीच. त्यांत आपण किनाऱ्यावरून खाली वाकून पाहत नाही. माशाच्या पातळीवर, पाण्याच्या आत असतो. शीर्षकातला शब्दही असाच आतून उजळतो. ‘अ‍ॅक्वेरियम’ हे नाव आधी वनस्पतिशास्त्रज्ञ पाणवनस्पतींच्या हौदासाठी वापरत. गॉसने त्याच नावाखाली प्राणीही आणले.

गॉसच्या अशा पुस्तकांनी इंग्लंडमध्ये समुद्रटाकीचं वेड पसरलं. लोक किनाऱ्यांवर लोटले. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ च्या ‘फादर अँड सन’मध्ये, लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली खडकांमधली ती भरलेली डबकी कशी ओरबाडली गेली, हे दुःखाने नोंदवलं आहे. पित्याच्या पुस्तकांच्या परिणामासकट. ते वाचून मी पुन्हा छिन्नीच्या पानाशी आले. शेवाळ दगडासकट निघतं, टोपलीत जातं, भरतीचं पाणी चढू लागतं. आता मात्र माझी नजर टोपलीबरोबर जात नाही. खडकावर उरलेल्या त्या ताज्या खाचेपाशी थांबते.