पहिल्या रांगेतला रसिक

गेल्या गणेशोत्सवात मीरा रोडच्या शांतीनगर भागातील एका वसाहतीच्या आवारात, मंडपाशेजारी उभारलेल्या फळ्यांच्या रंगमंचासमोर, मी दीड-दोन तास उभा होतो. आठ-नऊ वर्षांच्या मुली ध्वनिमुद्रित चित्रपटगीतांवर नाचत होत्या; त्यांचे आईबाप मोबाईल उंच धरून त्या नाचाचे चित्रण करीत होते; पहिल्या रांगेत दोन परीक्षक गुणपत्रिका मांडीवर घेऊन बसले होते; आणि रंगमंचावरून उतरणारे प्रत्येक मूल, धाप लागलेली असतानाच, आईला एकच प्रश्न विचारीत होते की, ‘मला किती मार्क मिळाले?’ फळ्यांच्या खालच्या पोकळीत मात्र स्पर्धेच्या वयात न बसणारी तीन चिमुरडी शिरली होती. त्यांच्यापैकी एकाने पुठ्ठ्याचे खोके डोक्यात घातले होते, दुसरा त्या खोक्याला काठीने डिवचीत होता आणि तिसरी, सर्वांत धाकटी, गुडघ्यांना मिठी मारून, तोंडाचा आ करून ते पाहत बसली होती. त्या सबंध आवारात कलेकडे केवळ कला म्हणून पाहणारा प्रेक्षक तेवढा एकच होता, असे मला त्या वेळी वाटले आणि अजूनही वाटते.

मुलांसाठी काहीच होत नाही, अशी तक्रार आज कोणालाही करता येणार नाही. नृत्याचे वर्ग आहेत, गायनाचे आहेत, चित्रकलेच्या स्पर्धा आहेत, वेशभूषेच्या आहेत, शाळांची संमेलने आहेत, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर शिबिरांच्या जाहिरातींनी वसाहतींच्या फाटकांवर तिळमात्र जागा उरत नाही. परंतु या सर्व खटाटोपात मुलाकडून काही करवून घेतले जाते; मुलासाठी, त्याला मानाने समोर बसवून, जाणत्या कलावंताने आपले सर्वस्व ओतून काही केले आहे, असा प्रसंग त्याच्या वाट्याला वर्षाकाठी एखादाही येत नाही. मूल स्पर्धक झाले आणि त्याचे रसिकपण हिरावले गेले. माझ्या मते मुलांच्या कलेच्या आजच्या अवस्थेतील मूळ दुखणे हेच आहे, आणि निधीची चणचण किंवा दूरदर्शनचे व मोबाईलचे आकर्षण ही सारी त्याच्या मागून येणारी कारणे आहेत.

मराठी बालरंगभूमीची उभारणी ज्यांनी केली त्यांना ही गोष्ट नेमकी ठाऊक होती. १९५९ साली, अमेरिकेत जाऊन मुलांच्या रंगभूमीचा प्रत्यक्ष अभ्यास करून आलेल्या सुधा करमरकर यांनी साहित्य संघाच्या आश्रयाने ‘लिटल थिएटर’ची, म्हणजेच बालरंगभूमीची, मुहूर्तमेढ रोवली आणि रत्नाकर मतकरी या त्या वेळी ऐन विशीत असलेल्या लेखकाचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले, तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल तर ती ही की, मोठ्यांच्या भूमिका मोठ्या, कसलेल्या नटांना दिल्या आणि चेटकिणीची भूमिका स्वतः केली. तोवर मुलांचे नाटक म्हणजे शाळेच्या संमेलनात मुलांनी दाढ्यामिशा चिकटवून केलेले नाटक, असाच समज रूढ होता. मुलांसाठी नाटक करायचे ते तालमी, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा आणि वाचिक अभिनय यांपैकी कशातही कसर न ठेवता, किंबहुना मोठ्यांच्या नाटकापेक्षा काकणभर अधिक निगुतीने करायचे, हा आग्रह त्या एका निर्णयात सामावलेला होता. पुढे मतकरींनी आपल्या ‘बालनाट्य’ या संस्थेतर्फे तोच आग्रह वर्षानुवर्षे चालविला. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी उभी केली, ती ज्यांनी लहानपणी पाहिली ते लोक आज आजोबा झाले तरी तिचे नाव काढताच खुर्चीत सावरून बसतात.

त्या काळातील थोर लेखकांनाही मुलांसाठी लिहिणे हे दुय्यम काम वाटले नाही. विजय तेंडुलकरांसारख्या, मोठ्यांच्या जगातील हिंसा उघडी करणाऱ्या नाटककाराने ‘इथे बाळे मिळतात’, ‘चिमणा बांधतो बंगला’, ‘बाबा हरवले आहेत’ अशी नाटके मुलांकरिता लिहिली. पु. ल. देशपांड्यांनी ‘वयं मोठं खोटम्’ लिहिले आणि सई परांजपे यांनीही आपल्या उमेदीची वर्षे मुलांच्या रंगभूमीला दिली. सुलभा देशपांडे यांनी ‘आविष्कार’च्या ‘चंद्रशाळे’त मुलांनाच रंगमंचावर आणले हे खरे, परंतु ‘दुर्गा झाली गौरी’सारख्या नृत्यनाट्याच्या तालमींत त्या मुलांना जी शिस्त, जी लय आणि जी सामूहिकता मिळाली ती गुणपत्रिकेच्या कोणत्याही रकान्यात मावणारी नव्हती. त्यानंतर १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनची ‘ग्रिप्स’ रंगभूमी पुण्यात अवतरली आणि श्रीरंग गोडबोले यांनी मराठीत आणलेले ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ रंगमंचावर आले. तेथे राजपुत्र आणि राक्षस निघून गेले आणि त्यांच्या जागी घरातली भांडणे, एकटेपण आणि मोठ्यांची दादागिरी आली. लहान मुलांच्या भूमिका प्रौढ नटांनी करायच्या, ही त्या रंगभूमीची रीत प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते, परंतु समोर बसलेल्या मुलाच्या दुःखाला नटाने पूर्ण गांभीर्याने वाचा फोडावी, हा तिचा अर्थ ध्यानात आला की तिच्याविषयी आदरच वाटतो.

आता या परंपरेचे आज काय झाले आहे, हे निर्भीडपणे पाहिले पाहिजे. २०१८ साली चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अलबत्या गलबत्या’ पुन्हा रंगमंचावर आले, वैभव मांगले यांनी चेटकिणीचा झगा चढवला, आणि नाट्यगृहांच्या दारांवर ‘हाऊसफुल्ल’च्या पाट्या लागल्या. त्या यशाने मला मनापासून आनंद झाला, कारण मराठी कुटुंबे मुलांसाठी तिकिटे काढीत नाहीत या निर्मात्यांच्या जुन्या सबबीची त्याने रुजुवात करून ती खोटी ठरविली. परंतु ते यश एका जुन्या संहितेचे होते. आजोबांच्या पिढीने पाहिलेली चेटकीण नातवंडांनी पाहावी यात माधुर्य आहे, तथापि नातवंडांची स्वतःची चेटकीण कोणती, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. नवे लेखक नाहीत असे नव्हे. शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या बालनाट्य स्पर्धेत दरवर्षी नव्या संहिता येतात. परंतु स्पर्धेसाठी लिहिलेले नाटक परीक्षकाकडे तोंड करून उभे राहते, त्यात उपदेश बटबटीत होतो, शेवटी मुलांच्या तोंडी पर्यावरणाचे किंवा स्वच्छतेचे भाषण येते, आणि पारितोषिक वितरणानंतर त्या नाटकाचा दुसरा प्रयोग कधीही होत नाही. दहाव्या-विसाव्या प्रयोगात, मुले कोठे हसतात आणि कोठे चुळबुळतात हे पाहून, नाटकाला जी धार येते तिची संधीच त्याला लाभत नाही.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मिठागरांच्या आणि भातखाचरांच्या या मुलखात १९८५ साली नगरपालिका स्थापन झाली, १९९१ च्या जनगणनेत जेमतेम पावणेदोन लाख माणसे नोंदली गेली, २००१ मध्ये ती पाच लाखांपलीकडे गेली, २००२ मध्ये महानगरपालिका आली आणि २०११ च्या शिरगणतीत आकडा आठ लाखांवर पोहोचला. एवढ्या वेगाने वाढलेल्या वस्तीत प्रथम नळ, गटार, रस्ता आणि शाळा यांची तरतूद व्हावी हे रास्तच होते; परंतु त्यामुळे एका अख्ख्या पिढीचे बालपण नाट्यगृहावाचून गेले. नाटक पाहायचे तर लोकलने बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह, पार्ल्याचे दीनानाथ किंवा दादरचे शिवाजी मंदिर गाठायचे. चौघांची तिकिटे, रिक्षा, मध्यंतरातला वडा, आणि परतीच्या गर्दीत खांद्यावर झोपलेले मूल घेऊन दाराशी उभे राहणे, असा हा जमाखर्च ज्या बापाने एकदा मांडला तो दुसऱ्यांदा वर्षभर मांडीत नाही. आता दहिसरच्या वेशीनजीक लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह उभे राहिले आहे आणि ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु इमारत झाली म्हणजे रंगभूमी झाली असे नव्हे. मुलांच्या कलेला सवय लागते, सवयीला ठरलेला वार लागतो, ठरलेली वेळ लागते आणि खिशाला परवडणारे तिकीट लागते.

पुस्तकांच्या बाबतीत चित्र निराळे आहे, कारण तेथे निर्मिती उत्तम आहे आणि वाटपच खुंटले आहे. वा. गो. आपट्यांच्या ‘आनंद’पासून भा. रा. भागवतांच्या ‘बालमित्र’पर्यंत आणि १९७१ पासून बालभारती चालवीत असलेल्या ‘किशोर’पर्यंत मराठी मुलांना मासिकांची मोठी परंपरा लाभली. विंदा करंदीकरांनी ‘राणीची बाग’ लिहून विक्षिप्त कल्पनेला मराठी कवितेत सन्मानाचे आसन दिले. आज माधुरी पुरंदरे यांची पुस्तके पाहावीत. शब्द आणि चित्र एकाच हाताने, एकाच श्वासात उतरलेली, उपदेशाचा स्पर्शही नसलेली आणि मराठी घराचा ओटा, जिना व पायपुसणे यांसकट उभे करणारी अशी ती पुस्तके कोणत्याही भाषेने मिरवावीत या तोलाची आहेत. पण शहरातील एका वाचनालयात मी गेलो, तेव्हा बालविभाग म्हणून मला एक लोखंडी कपाट दाखविण्यात आले. त्याला कुलूप होते, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ त्या दिवशी रजेवर होते. काचेतून एक फाटका ‘फास्टर फेणे’ दिसत होता. त्याच्या कण्यावरचा कागद असंख्य बोटांनी झिजून पांढरा पडला होता, म्हणजे त्या कपाटाला कधीतरी कुलूप नव्हते.

संगीताविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथली हानी उघड आहे. ‘देवबाप्पा’ या १९५३ च्या चित्रपटासाठी गदिमा, पु. ल. आणि आशा भोसले या तिघांनी मिळून मोराचे जे गाणे केले ते आजही बालवाडीत गायिले जाते, याचे कारण त्याची चाल मुलाच्या गळ्याच्या आवाक्यात आहे आणि तरी ती बाळबोध नाही. मुंबई आकाशवाणीच्या ‘गंमत जंमत’ने अशा गाण्यांवर मुले वाढवली. दूरचित्रवाणीवर २००८-०९ च्या सुमारास लहान गायकांची स्पर्धा अफाट लोकप्रिय झाली. तिच्यातली मुले खरोखर गुणी होती आणि आज ती जाणती कलावंत आहेत. परंतु त्या लाटेने घरोघरच्या पालकांच्या मनात दहा वर्षांच्या मुलाने विरहिणी आणि नाट्यपदे गाऊन टाळ्या घ्याव्यात अशी आकांक्षा रुजविली, आणि मुलांसाठी नवी चाल बांधणारा संगीतकार मात्र सलील कुलकर्णींसारखा एखादाच उरला.

या शहराची भाषिक घडण ध्यानात घेतल्याखेरीज हा विचार पुरा होत नाही. येथे मराठीबरोबर गुजराती, मारवाडी, हिंदी, उर्दू, मल्याळम् बोलणारी कुटुंबे एकाच जिन्यावर राहतात, आणि उत्तनच्या कोळीवाड्यात व ख्रिस्ती वस्त्यांत मराठीच्याच बोली नांदतात, जेथे नाताळच्या दिवसांत मुले बांबू, गवत व चिखल घेऊन गोठ्याचे देखावे स्वतःच्या हाताने रचतात. २०२५ च्या जुलैत मराठीच्या प्रश्नावर मीरा रोडच्या रस्त्यावर मोर्चा निघाला. त्या दिवसांतील क्षोभ मी समजू शकतो. पण परभाषक मुलाला मराठीची गोडी लावण्याचे सर्वांत समर्थ साधन जे मराठी बालनाट्य, त्याचा विनामूल्य प्रयोग व्हावा अशी मागणी त्या गदारोळात मला कोठेही ऐकू आली नाही, याचे दुःख अद्याप ओसरलेले नाही.

शेजारच्या ठाण्यात मतकरींनी उतारवयात काय केले ते पाहण्यासारखे आहे. २०१४ पासून समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीने त्यांनी ‘नाट्यजल्लोष’ सुरू केला, आणि वस्त्या-वस्त्यांतील मुलांना त्यांचे स्वतःचे विषय घेऊन नाटके रचावयास लावली. त्याला महागडे नेपथ्य लागले नाही. वस्तीत जाऊन मुलांसोबत बसणारी, नाटक जाणणारी माणसे लागली. मीरा-भाईंदरच्या महापालिकेने आपल्या अंदाजपत्रकात महोत्सवांच्या रोषणाईसाठी जी तजवीज होते तिच्यातून थोडी रक्कम काढून, दर महिन्याच्या एका रविवारी दुपारी चारला एक बालनाट्य, नाममात्र तिकिटात, आणि त्याच दिवशी नाट्यगृहाच्या ओसरीत पुस्तकांची उघडी मांडणी, एवढाच ठराव मंजूर केला आणि सलग तीन वर्षे तो मोडला नाही, तर तिसऱ्या वर्षी ते नाट्यगृह भरलेले दिसेल याविषयी मला शंका नाही.

शंका नाही, कारण मी एकदा ते पाहिले आहे. सुट्टीतल्या एका दुपारी बोरिवलीच्या नाट्यगृहात माझ्या शेजारी भाईंदर पश्चिमेहून आलेले एक गुजराती कुटुंब बसले होते. कामावर येणाऱ्या मराठी मावशींनी हट्ट धरला म्हणून ती मंडळी आली होती, आणि मावशीही त्यांच्या मध्येच बसल्या होत्या. तिसरी घंटा झाली, अंधार पडला. सहा वर्षांचा तो मुलगा पहिली दहा मिनिटे मावशींच्या कानाशी लागून प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारीत होता. मग विचारणे थांबले. नायक पाठमोरा बसून भाकरी खात होता आणि विंगेतून दुष्ट कारभारी चवड्यांवर चालत पुढे येत होता, तेव्हा तो मुलगा खुर्चीवर उभा राहिला, दोन्ही मुठी आवळल्या आणि साऱ्या नाट्यगृहाला ऐकू जाईल अशा आवाजात, आपल्या नव्याकोऱ्या मराठीत ओरडला, ‘अरे, मागे बघ! तो आला! मागे बघ ना!’