‘श्वास’मधील उपचाराचा शोध : एक चिकित्सा

संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ (२००४) हा चित्रपट माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेला आहे. ‘श्यामची आई’नंतर अर्धशतकाने मराठी चित्रपटास सुवर्णकमळ लाभले, या अभिमानाच्या उल्लेखातच त्याची चर्चा बहुधा संपते. दुर्मीळ आजार जडलेल्या मुलाच्या पालकाने नेमके कशासाठी झगडावे, हा त्यातील मूळ प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो.

कोकणातील आजोबा नातवाला, परशाला, घेऊन पुण्यास येतात. दृष्टिपटलाचा कर्करोग झाला असून शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण दृष्टी जाईल, असे डॉक्टर सांगतात. उपचार सापडत नाही अशी ही स्थिती नव्हे. तो समोर आहे आणि तोच असह्य आहे. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला सत्य सांगायचे कोणी, या पेचाभोवती चित्रपटाचा मध्य फिरतो. आजोबा नातवाला रुग्णालयातून परस्पर बाहेर नेतात आणि जग दाखवतात. रुग्णालयाच्या शिस्तीत न बसणारी ही कृती अरुण नलावडे यांनी कोणताही आक्रोश न करता उभी केली आहे. डोळे वाचविता येत नाहीत, तेव्हा एक दिवस तरी वाचवावा, एवढेच पालकाच्या हाती उरते.

जॉर्ज मिलर यांच्या ‘लोरेन्झोज ऑइल’ (१९९२) या चित्रपटातील ओदोने दांपत्य याउलट ग्रंथालयात शिरते, शास्त्रज्ञांशी वाद घालते आणि तेल शोधून काढते. ते तेल लक्षणे उमटलेल्या मुलांना बरे करीत नाही, लक्षणांपूर्वी दिल्यास काही उपयोग होऊ शकतो, असे पुढील संशोधनातून दिसले. चित्रपटातील विजय विज्ञानातील विजयापेक्षा मोठा ठरला. ‘श्वास’ असा विजय देऊ करीत नाही, हे त्याचे प्रामाणिकपण होय.

तथापि येथेच त्याची उणीवही आहे. हा कर्करोग बहुधा वयाच्या पाचव्या वर्षाच्या आत प्रकट होतो. बाहुलीत दिसणारी पांढरी चमक हे त्याचे नेहमीचे पहिले लक्षण. वेळीच निदान झाल्यास जीवच नव्हे, अनेकदा दृष्टीही वाचते. परशा तर शाळकरी वयाचा आहे. मधला काळ कोठे गेला, याची चौकशी चित्रपट फारशी करीत नाही. उशीर जणू दैवाच्या खाती जमा होतो. माढ्यासारख्या तालुक्यातील प्रेक्षकास ही चौकशी हवीशी वाटेल. शेजारच्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद ठेवली जाते आणि पुण्याची गाडी कुर्डुवाडीहून मिळते. परंतु त्या गाडीत बसावे, हे आईबापास सांगणारा माणूस आधी गावात असावा लागतो. ‘श्वास’चा भर पुण्याच्या रुग्णालयावर आहे; गावातील त्या माणसाचा शोध तो घेत नाही.