मृत्युदर मोजला की मानला?

आमच्या पिंपळनेरकडे बैल घेताना आधी दात बघतात. दोनदाती, चारदाती, सहादाती इथपर्यंत वयाचा अंदाज बरोबर येतो. बैल जुळला, म्हणजे आठही दात आले, की तो सहा वर्षांचा की आठ, हे दात मोजून सांगता येत नाही. संशोधनाची तयारी करत असाल तर हे डोक्यात ठेवून टॉमस एबर्ट आणि जॉन साउदन यांचा २००३ चा शोधनिबंध वाचा.

विषय आहे लाल सी-अर्चिन, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा काटेरी चेंडूसारखा जीव. आधी त्याचं आयुष्य ७ ते १५ वर्षं मानत. पण त्याची वाढ सुरुवातीला झपाट्याने होते, पुढे अगदी मंदावते. त्यामुळे नुसत्या आकारावरून वय काढलं की म्हातारेही तरुण ठरतात. या दोघांनी टेट्रासायक्लिनने सांगाड्यावर खूण करून वाढ मोजली. शिवाय अणुचाचण्यांमुळे १९५० नंतर समुद्रात वाढलेला कार्बन-१४ सांगाड्यात तपासला. दोन्ही उत्तरं जुळली: मोठे अर्चिन शंभरी ओलांडू शकतात.

याने काय बिघडतं? हिशोब करून बघा. नैसर्गिक मृत्युदर वर्षाला ०.४ धरला, तर १०० पैकी दहा वर्षांनी जेमतेम २ उरतात. ०.०४ धरला तर ६७. पहिल्या हिशोबाने वाटतं, तसेही मरणारच होते, पकडले तर काय झालं? दुसऱ्या हिशोबाने तीच पकड साठा रिकामा करते.

निबंध उत्तम आहे, पण एक खोट आहे. अणुचाचण्यांची खूण जेमतेम अर्ध्या शतकाची. तिने वाढीचा वेग तपासला जातो. शंभराचा आकडा मात्र वाढीची रेषा मागे ताणून आलेला आहे. शीर्षकातला 'पुष्टी' हा शब्द त्यामुळे जरा जास्तच बोलतो.

तरी त्यांनी निदान पडताळा घेतला. आपल्याकडे मत्स्यसाठ्यांच्या अभ्यासात नैसर्गिक मृत्युदर अनेकदा डॅनियल पॉली यांच्या १९८० च्या सूत्रातून काढतात. त्यात कमाल लांबी, वाढीचा दर आणि पाण्याचं तापमान घातलं की आकडा मिळतो. ते सूत्र बनलं १७५ मत्स्यसाठ्यांवरून; अर्चिन तर मासाच नाही. आणि वाढीचा दर चुकला की मृत्युदरही त्याच्या मागोमाग चुकतो.

म्हणून कुठल्याही निबंधात मृत्युदराचा आकडा दिसला, की तो थेट पद्धतीच्या भागात जाऊन शोधा. मोजलेला असेल तर कसा, ते बघा. सूत्रातून आलेला असेल तर त्याच्या पुढचे सगळे निष्कर्ष पेन्सिलीने लिहिलेत असं समजा.