‘सोबत’ या शब्दाची चिकित्सा : विषाणूजन्य श्वसनविकार आणि वनौषधींचे पूरक उपचार

कोविड-१९ च्या साथीनंतर महाविद्यालयीन संशोधनपत्रिकांतून वनौषधी आणि रोगप्रतिकारशक्ती यांविषयीचे लेख सातत्याने दिसतात. त्यांतील निष्कर्षाचे वाक्य बहुधा ठरलेले असते : प्रमाणित उपचारांसोबत वनौषधी दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो. वनौषधी गुणकारी आहेत की नाहीत, याचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश नाही. ‘सोबत’ या शब्दाच्या आधाराने जो पुरावा मांडला जातो तो नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

आयुष-६४ चे उदाहरण आपल्या जवळचे आहे. सप्तपर्ण, कुटकी, किराईत आणि सागरगोटा यांपासून सिद्ध केलेले हे औषध केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने मुळात हिवतापासाठी विकसित केले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हायव्हॅक्स हिवतापावर त्याची तुलना क्लोरोक्वीनशी करण्यात आली. क्लोरोक्वीन घेतलेले सर्व रुग्ण बरे झाले. आयुष-६४ घेतलेल्यांपैकी सुमारे निम्मेच. तेथे औषध दुसऱ्या औषधाच्या समोर उभे होते. कोविडमध्ये ते उपचारांच्या शेजारी उभे राहिले. पुण्यातून समन्वय झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य व मध्यम लक्षणांच्या १४० रुग्णांची यादृच्छिक विभागणी केली होती. एका गटाला प्रमाणित उपचार आणि आयुष-६४, तर दुसऱ्याला केवळ प्रमाणित उपचार मिळाले. पहिला गट लवकर बरा झाला. मात्र ही चाचणी खुली होती. आपल्याला काय मिळते आहे हे रुग्णांना ठाऊक होते.

साथीच्या काळात प्रमाणित उपचार थांबवून केवळ वनौषधी देणे नैतिकदृष्ट्या अशक्यच होते. तेव्हा ‘सोबत’ देण्याचा निर्णय योग्य होता, यात शंका नाही. परंतु दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी, तशीच कडू लागणारी निष्क्रिय गोळी देण्यास नीतीचा अडसर नव्हता. विषाणूजन्य श्वसनविकारांत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण बहुसंख्य रुग्ण मुळात आपोआप बरे होतात आणि खोकला, थकवा, घशाची खवखव यांचे मोजमाप रुग्णाच्या सांगण्यावरच अवलंबून असते. जादा गोळी मिळालेला रुग्ण ‘आज बरे वाटते’ असे एक दिवस आधी म्हणाला, तर त्यात नवल ते काय? एडझार्ड अर्न्स्ट आणि एम. एस. ली यांनी २००८ मध्ये नेमका हाच आक्षेप मांडला होता. ‘अ अधिक ब’ विरुद्ध ‘ब’ अशी रचना असेल, तर ‘अ’ अपायकारक नसेपर्यंत निकाल अनुकूलच येण्याकडे कल राहतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांचा लेख मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, हे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

चीनमधील लियानहुआ चिंगवेन या औषधाची २०२० ची खुली चाचणी या दृष्टीने वाचनीय आहे. २८४ रुग्णांच्या या अभ्यासात लक्षणे दूर होण्याचे प्रमाण ९१.५ टक्के विरुद्ध ८२.४ टक्के असे आले. छातीच्या चित्रणातही सुधारणा नोंदली गेली; ती दुर्लक्षणीय नाही. पण विषाणूचाचणी नकारात्मक होणे आणि आजार गंभीर होणे, या दोन्ही बाबतींत गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. दावा मात्र लक्षणांच्या आकड्यावरून पसरतो.

रचना चांगली असूनही निष्कर्ष कसा निसटतो, हे थायलंडमध्ये दिसले. तेथील आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२० मध्ये सौम्य कोविडसाठी कालमेघाच्या प्रायोगिक वापरास मान्यता दिली आणि २०२१ मध्ये तुरुंगांतील कैद्यांनाही ते देण्यात आले. ५७ रुग्णांच्या प्लासिबोयुक्त चाचणीत औषध घेतलेल्या २९ जणांपैकी कोणालाही न्यूमोनिया झाला नाही. प्लासिबो घेतलेल्या २८ पैकी तिघांना झाला. हा फरक सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय असल्याचे मांडले गेले. प्रस्तुत लेखिका संख्याशास्त्र शिकवते, म्हणून हे गणित येथे करून दाखविणे अप्रस्तुत ठरू नये. औषधाचा काहीही परिणाम नाही असे मानले, तर ते तिन्ही रुग्ण केवळ योगायोगाने प्लासिबो गटातच असण्याची संभाव्यता २८/५७ × २७/५६ × २६/५५, म्हणजे ०.११२ येते. शंभरात अकरा वेळा घडणाऱ्या योगायोगाला लक्षणीय म्हणण्याचा प्रघात नाही. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला जमेल असा हा गुणाकार आहे. पुढे ही सांख्यिकीय चूक मान्य करून तो पूर्वप्रकाशित लेख २०२१ मध्येच मागे घेण्यात आला. यावरून कालमेघ निरुपयोगी ठरत नाही; ५७ रुग्ण अपुरे होते, एवढेच ठरते.

‘अपाय तर नाही ना, मग देऊन पाहावे’ हा युक्तिवाद वरकरणी निरुपद्रवी वाटतो. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील अशा ४३ रुग्णांचा अभ्यास आला. आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगून, दुसऱ्याच जातीच्या वेलीशी गल्लत झाली असण्याची शक्यता वर्तविली. ही शक्यता खरी मानली, तरी तिचा रोख अखेर आपल्याच लेखनाकडे वळतो. मराठीत काडेकिराईत आणि पालेकिराईत ही दोन भिन्न वनस्पतींची नावे आहेत. पहिली आयुष-६४ मध्ये आहे, दुसरी म्हणजे थायलंडमधील कालमेघ. तरीही लेखांतून नुसते ‘किराईत’ एवढेच लिहिलेले आढळते. वनौषधींच्या चाचण्यांचे वृत्तांत कसे लिहावेत याविषयीच्या २००६ च्या कन्सॉर्ट मार्गदर्शिकेत वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि अर्क काढण्याची पद्धत नोंदविण्याची अपेक्षा आहे. वनस्पतीशास्त्र विभागातील सहकाऱ्याकडून नमुना ओळखून घेण्यास एक दुपार पुरते, आणि संपादक मंडळाने लेख स्वीकारण्यापूर्वी तेवढी मागणी करावयास हरकत नसावी.